घोट मोजणारी सरूबाई

पोर रडत नसलं की त्याला गुणाचं म्हणायचं, अशी आपल्याकडं पद्धत आहे. ज्यानं कुणी ही पद्धत पाडली, त्याला एकदा हिर्डोशीच्या सरूबाई नर्सच्या हवाली करायला हवं होतं. बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकावं आणि सासूनं कौतुकानं सांगावं, "लई गुणाचं हाय बाई, दिसभर झोपून ऱ्हातं, आवाज म्हनून न्हाई," की सरूबाई पिशवी खाली ठेवायच्या आधी बाळ मागायची. रडून घर डोक्यावर घेणाऱ्या पोराला ती खुशाल दुसऱ्या दिवसावर टाकी. गुणाचं पोर मात्र तिथल्या तिथं उजेडाला आणवी, त्याच्या आईला पाजायला लावी, आणि गळ्याच्या हालचालीवर नजर ठेवून तोंडातल्या तोंडात मोजत बसे. एक, दोन, तीन.

धडधाकट पोर पंधरा-वीस घोट सलग ओढतं, मग दम खातं. ज्याचं काळीज जन्मतःच अधू, ते पाच-सात घोटांत थकतं, थांबतं, धापा टाकतं, त्याच्या कपाळावर घाम येतो आणि अर्धपोटीच ते झोपी जातं. बायका म्हणत, घाम आला म्हणजे दूध अंगी लागतंय. झोपलं म्हणजे पोट भरलं. असं महिना-दोन महिने कौतुक चालायचं आणि एक दिवस ते गुणाचं पोर झोपेतून उठायचंच नाही. मग सटवाईनं लिहिलं तेवढंच आयुष्य, असं म्हणून मंडळी मोकळी व्हायची. सरूबाईला याचा संताप येई. सटवाईच्या नावावर आपण किती पाप खपवलंय याचा हिशेब कुणी ठेवला नाही, असं ती म्हणे, पण घरात, आईपाशी. बाहेर बोलायची सोय नव्हती.

१९६३ साली ती हिर्डोशीच्या उपकेंद्रावर आली. वरंधा घाटाकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. दिवसाला दोन एसट्या, त्यातली एक येईलच असं नाही. बाकी भाताची खाचरं आणि नाचणीचे उतार तुडवत वाड्यावस्त्या पायी गाठायच्या. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, कपाट आणि औषधाच्या बाटल्या, मागच्या खोलीत सरूबाई आणि तिची आई बनाबाई. मधे भिंत कसली, कारवीची ताटी. पुढच्या खोलीत बोललेलं मागं चुलीपाशी सगळं ऐकू जाई. म्हातारी भाकऱ्या थापत राही आणि मधे कधी तोंड घालत नसे.

सरूबाईला हे घोटांचं वेड लागलं ते धाकट्या भावापायी. तो ज्ञानू. त्यांचं घर वेल्ह्याच्या बाजूला, राजगडाच्या पायथ्याशी, पाली गावात. ज्ञानू तिच्याहून दोन वर्षांनी लहान, अंगानं काडी. रानात सरपणाला निघालं की दर वळणावर हा गुडघे पोटाशी घेऊन उकिडवा बसायचा. उठ म्हटलं की म्हणायचा, "थांब की, जरा बसून बरं वाटतं." सरूबाईला वाटे, अंगचोर आहे. ती त्याला तिथंच टाकून पुढं निघून जाई.

एका ज्येष्ठात आईनं त्याचे ओठ पाहिले. जांभळे झालेले. पाटलाच्या बांधावर जांभळाचं झाड होतं आणि पाली गावात त्या काळी त्यांच्यासारख्या घरातल्या पोरानं पाटलाच्या झाडाला हात लावणं म्हणजे काय होतं, ते नव्यानं सांगायला नको. बनाबाईच्या काळजाचं पाणी झालं. तिनं पोराला बडवलं. तो रडत सांगत होता, "म्या न्हाई गं खाल्ली." आई म्हणाली, चोर तो चोर वर शिरजोर. काथ्याला राख लावून तिनं त्याचं तोंड घासलं. ओठ सोलवटले, रक्त आलं, निळेपणा तेवढा गेला नाही. आईनं ठरवलं, रंग आत मुरलाय. पुढं ज्येष्ठ सरला, आषाढ सरला, जांभळाच्या झाडावर एक फळ राहिलं नाही, तरी घरात सगळे म्हणत राहिले की रंग मुरलाय. त्या पौषात ज्ञानू गेला. आठ वर्षांचा होता, सरूबाई दहाची.

मग सरूबाईचं लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. छप्पन सालानंतर घरानं बुद्धाची वाट धरली, तेव्हा बाप साहेबराव इरेला पेटला आणि विधवा लेकीला त्यानं पुन्हा शाळेत बसवलं. भाऊबंद हसले. तिनं सातवी काढली आणि पुण्याला नर्सिंग शिकायला गेली. तिथल्या वॉर्डात एक दिवस सहा-सात वर्षांचा मुलगा तिला कॉटवर उकिडवा बसलेला दिसला. गुडघे पोटाशी. ओठ आणि नखं जांभळी. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई शिकाऊ पोरींना सांगत होत्या की याच्या काळजात जन्मापासून दोष आहे, रक्त नीट शुद्ध होत नाही, असं बसलं की या मुलांना बरं वाटतं. सरूबाईनं हातातला ट्रे खाली ठेवला आणि चादरींच्या कोठडीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

डॉक्टरीणबाईंनी तिला शोधून काढलं. सगळं ऐकून घेतलं. पुढं वर्षभर त्यांनी तिला जेवढं कानाला कळतं तेवढं शिकवलं आणि निघताना आपली जुनी छातीवर लावायची नळी दिली. रबर एका जागी चिरलेलं, त्याला चिकटपट्टी. "औषध तू देऊ नकोस," त्या म्हणाल्या, "रोगाचं नाव सांगायलाही जाऊ नकोस. फक्त वेळेत ओळख आणि माझ्याकडं पाठव. काही मुलांचा दोष आता दुरुस्त करता येतो. उशिरा आलेल्यांचा नाही."

एवढं सगळं शिकून ती आली, पण आईला मात्र तिनं यातलं अवाक्षर सांगितलं नाही. काय सांगणार? की तू आजारी पोराला चोर म्हणून मारलंस? म्हातारी चुलीपाशी आणि हे गुपित सरूबाईच्या छातीत, असा संसार चालला.

हिर्डोशीत आल्यावर पहिला धडा मिळाला तो एकोणसत्तर साली. गीता नावाच्या एका पहिलटकरणीच्या लेकरात तिला दोष सापडला. आपण मोठं काम केलं या आनंदात तिनं भर ओसरीवर, चारचौघांत सांगून टाकलं. लेकरू पुण्याला गेलं नाही ते नाहीच. उलट गीताच्या पोटातच खोट आहे असा बोभाटा झाला. लेकरू दोन महिन्यांनी गेलं, गीताला माहेरी पाठवलं आणि वर्षाच्या आत तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. पुढं एकदा भोरच्या बाजारात गीता सरूबाईला समोरासमोर भेटली. बोलली नाही, रस्ता बदलून गेली.

तेव्हापासून सरूबाईनं रीत बदलली. आता ती बाळंतपणाच्या आधीच धडा द्यायची, आणि तो सगळ्यांना सारखा. सातवा महिना लागला की नवरा-बायकोनं जोडीनं उपकेंद्रात यायचं. नवरे लाजत, दारात चुळबुळत, तरी येत, कारण सरूबाईनं सरकारी नियम आहे असं ठोकून दिलं होतं. असा नियम कुठल्याही कागदावर नव्हता. पोटाला लाकडी कर्णा लावून ती बाळाचे ठोके ऐकवी आणि म्हणे, "ठोके मला कळतात, दोष पोटात असताना कळत नाही. पन जन्मल्यावर म्हैन्याभरात तुमचं तुमाला कळंल. घोट मोजा. कपाळाचा घाम बघा. नखं-व्हट उजेडाला धरून बघा. मोठं पोर चालताना सारखं खाली बसत आसंल तर त्याला आळशी म्हनू नका. आन पोर गप हाय म्हनून खूश होऊ नका." सगळ्या गावाला एकच धडा, म्हणजे कुणा एकीच्या पोटाकडं बोट दाखवायला जागा नाही. तेरा वर्षांत तिनं चार मुलं वेळेवर पुण्याला धाडली. त्यातली दोन जगली. हे दोन सरूबाईला पुरत.

शहात्तर साल उजाडलं ते नसबंदीचं घोंगडं घेऊन. दर नर्सनं वीस केसेस आणायच्या, नाही आणल्या तर घरी बसायचं. वरून पत्रावर पत्रं. पर्यवेक्षक मानसिंगराव आठवड्याला जीपमधून येत आणि वही उघडत. ते काही राक्षस नव्हते. बोलताना ते वहीतून डोळे वर काढत नसत, कारण त्यांच्या डोक्यावरही कुणीतरी वही घेऊन बसलेला होता. दिवाळी झाली तेव्हा सरूबाईच्या वहीत एकोणीस नावं होती. विसावं नाव बंडूचं.

बंडू घाटरस्त्याच्या दुरुस्तीवर रोजंदारीला होता. मुकादमानं सांगून ठेवलेलं, दोन लेकरं असलेल्यानं नसबंदीचा दाखला आणायचा, नाहीतर हजेरीतून नाव कमी. त्याची बायको नलू. पहिली मुलगी चार वर्षांची. मधलं एक बाळ नलूच्या माहेरी झालं आणि दोन महिन्यांचं होऊन तिथंच गेलं. सासू धोंडाबाई त्याची आठवण काढून अजून म्हणे, "काय गुणाचं व्हतं, कदी रडलं न्हाई." हे ऐकल्यापासून सरूबाईच्या डोक्यात नलू घर करून होती. तिसऱ्या खेपेला तिनं दोघांना चारदा बोलावून चारदा धडा दिला. बंडू बोटांवर घोट मोजायचं शिकला आणि लाजून हसला. दसऱ्यानंतर मुलगा झाला. दोन लेकरं झाली. बंडू विसावी केस म्हणून तयार झाला. गुरुवारी भोरला शिबिर ठरलं.

त्या आधीच्या सोमवारी बाळ बावीस दिवसांचं होतं. सरूबाई गेली तर धोंडाबाई ओसरीवर सूप घेऊन बसलेली. म्हणाली, "या बाई. लई गुणाचं हाय."

सरूबाईनं बाळ उजेडाला घेतलं. नलूनं पाजायला घेतलं. पाच. सहा. सात. बाळ थांबलं. नाकपुड्या फुलल्या, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, केसांच्या मुळाशी घाम. तिनं नळी लावली. ठोक्याच्या आत दुसरा आवाज होता, न थांबणारा, लोहाराच्या भात्यासारखा येता-जाता वाजणारा. हा आवाज तिला डॉक्टरीणबाईंनी दोनदा ऐकवला होता आणि सांगितलं होतं की हा ऐकलास तर धावत ये, कारण हा दोष दुरुस्त होतो.

एरवी ती तिथंच बोलली असती. पण समोर बंडू उभा होता आणि गुरुवार तोंडावर होता. आता सांगितलं की हा माणूस शिबिराला जाणार नाही, जाऊही नये. एकुलत्या मुलाचा भरवसा नसताना कोण बाप नस कापून घेईल? आणि नाही गेला तर याची हजेरी गेली, आपली नोकरी गेली. सरूबाईनं नळी काढली आणि म्हणाली, "उद्या परत बघते."

ती तशीच चार मैल चालत मानसिंगरावांना गाठायला गेली. जीप पुढच्या गावात होती. तिनं सांगितलं, ही केस पुढं ढकला, लेकराच्या काळजात दोष आहे.

मानसिंगराव तिच्या पिशवीकडं बघत होते. "ही नळी तुम्हाला कुणी दिली?"

"शिकत होते तेव्हा डॉक्टरीणबाईंनी."

"तुमच्या सामानाच्या यादीत नळी नाही. तुम्ही डॉक्टर नाही. आणि ते जोडीनं बोलवायचा नियम, तोही मी शोधला. कुठंच सापडला नाही." त्यांनी डोळे चोळले. "बाई, मी आजवर काही बोललो नाही. पण वीसच्या एकोणीस झाल्या तर मला सगळंच लिहावं लागेल. गुरुवारी शिबिर आहे. शुक्रवारी सांगा. एका दिवसानं लेकरू मरतंय का?"

हीच तर पंचाईत होती. एका दिवसानं लेकरू खरंच मरत नव्हतं. फक्त शुक्रवारी सांगितलेलं बंडूच्या काही कामाचं उरत नव्हतं. इकडं आड, तिकडं विहीर, आणि मधे उभं राहायलाही जागा नाही. नोकरी गेली तर म्हातारीला घेऊन पालीला कुठल्या तोंडानं आणि कशाच्या आधारानं जायचं? नळी गेली तर पुढच्या गुणाच्या पोरांचं काय? शहाण्या माणसाला घाबरायला नेहमी चांगली कारणं सापडतात, सरूबाईलाही सापडली.

मंगळवारी ती नलूकडं गेली. नलूनं धोंडाबाई आत जायची वाट पाहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, म्या मोजते रोज. सातच घोट घेतो. म्या चुकत आसंन का?"

आयुष्यात ज्या प्रश्नाची तिनं तेरा वर्षं मशागत केली, तो प्रश्न पीक होऊन समोर आला होता. सरूबाई म्हणाली, "होईल सुरळीत. बरं हाय बाळ."

नलूचा चेहरा उजळला. स्वतःच्या डोळ्यांनी मोजलेल्या सातांपेक्षा तिचा नर्सबाईच्या शब्दावर विश्वास होता. तिनं गुळाचा खडा आणून सरूबाईच्या हातावर ठेवला.

तो खडा घेऊन सरूबाई घरी आली आणि टेबलापाशी बसून राहिली. संध्याकाळी आईनं ताट वाढलं, ते तसंच राहिलं. बनाबाईनं विचारलं, "नलूचं पोरगं कसं हाय?" सरूबाई म्हणाली, "बरं हाय." म्हातारीनं तिच्याकडं नुसतं पाहिलं आणि चूल सारवायला घेतली.

बुधवारी दुपारपर्यंत सरूबाईनं दोन वेळा पिशवी उचलली आणि दोन वेळा ठेवली. तिसऱ्या वेळी ती निघाली. वाटेत मागं वळून पाहिलं तर आई काठी टेकत मागून येत होती. "कुटं निघालीस?" सरूबाईनं विचारलं. "चाल तू," म्हातारी म्हणाली.

नलूच्या घरात उद्याची तयारी चालली होती. बंडूचा धुतलेला सदरा दोरीवर होता. सरूबाईनं बसायच्या आधीच सांगून टाकलं, की बाळाच्या काळजात दोष आहे, पुण्याला न्यायला हवं, उशीर करून चालणार नाही. आणि बंडू, तू उद्या जाऊ नकोस.

बंडूनं आईकडं पाहिलं. मग धोंडाबाई उसळली. "काल बरं म्हनलात, आन आज दोष? कालच्या रातीत झाला का दोष?" आणि सुनेकडं वळून म्हणाली, "मधलं आसंच गेलं. हिच्याच पोटात काय तरी हाय."

"पोटाचा काय संबंध न्हाई, धोंडाबाई. म्या सोमवारीच ऐकलं व्हतं. भिऊन बोलले न्हाई."

"म्हंजी तुमी खोटं बोललात," बंडू सावकाश म्हणाला. "मंग आज खरं बोलताय ह्ये कशावरनं? म्या न्हाई गेलो तर मुकादम नाव काढंल. काल बरं व्हतं तर उद्याबी बरंच आसंल की."

सरूबाईला आता कळलं. तेरा वर्षांचा शब्द तिनं एका गुळाच्या खड्याला घालवला होता. आता छाती फाडून दाखवली तरी इथं कुणी तिला खरं मानणार नव्हतं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

तेवढ्यात दारात काठी वाजली. नर्स म्हणून सरूबाईला या घरात माजघरापर्यंत वाट होती. तिच्या आईला आजवर ओसरीच्या वर कुणी बोलावलं नव्हतं आणि तीही कधी चढली नव्हती. त्या दिवशी बनाबाई उंबरा ओलांडून सरळ आत आली आणि पाळण्यापाशी जमिनीवर बसली. धोंडाबाईनं तोंड उघडलं होतं, ते तिनं मिटलं.

"मलाबी एक गुणाचं पोर व्हतं," बनाबाई म्हणाली. "ज्ञानू नाव. चालताना सारका खाली बसायचा. म्या म्हनायची, आळशी हाय. त्याचं व्हट निळं झालं. म्या म्हनलं, पाटलाची जांभळं चोरून खाल्ली. मारला त्याला. काथ्यानं तोंड घासलं, रगत काढलं. त्यो सांगत व्हता, आये, म्या खाल्ली न्हाईत. आखाड गेला, सरावन गेला, झाडावर फकस्त पाला ऱ्हायला, तरी व्हट निळंच. तवा तरी कळाय पायजे व्हतं. डोळं व्हतं मला. पन एकदा म्हनलं व्हतं ना चोर, मंग चोरच." तिनं धोंडाबाईकडं पाहिलं. "त्याच्या काळजाला दुखनं व्हतं. म्या त्याला चोर म्हनून वाटंला लावला. तुमी सुनंला काय म्हनायचं त्ये म्हना. पर आदी पोराला नजरंनं बघा."

सरूबाई भिंतीला धरून उभी होती. यातलं काही तिनं आईला कधी सांगितलं नव्हतं.

बंडूनं नलूला विचारलं, "तू मोजलंवतंस?"

"रोज मोजते. सात. काल बाई बरं म्हनल्या म्हनून गप ऱ्हायले."

"घे त्याला."

नलूनं बाळ पदराखाली घेतलं. बंडू तिच्यासमोर खाली बसला आणि चार वेळा शिकवल्याप्रमाणं बाळाच्या गळ्याकडं बघत एकेक बोट मिटू लागला. धोंडाबाईही वाकून पाहत होती. "पाच," बंडू म्हणाला. "सहा. सात." बाळ थांबलं. बंडूचं आठवं बोट तसंच वर राहिलं. त्यानं बाळाच्या कपाळावरनं हात फिरवला आणि ओला हात आईला दाखवला. मग उठून दोरीवरचा सदरा काढला आणि म्हणाला, "पयली येस्टी कितीला हाय?"

पुढचं आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. गुरुवारी सकाळी शिबिराची जीप हिर्डोशीकडं येत होती आणि बंडू-नलूची एसटी भोरकडं जात होती. डॉक्टरीणबाई आता पिकल्या होत्या, पण चिकटपट्टीच्या नळीची, चिठ्ठी देऊन पोरं धाडणारी नर्स त्यांच्या लक्षात होती. काळजाजवळची जी रक्तवाहिनी जन्मल्यावर मिटायची, ती या बाळाची मिटली नव्हती. औषधावर त्यांनी ते दीड वर्ष जगवलं आणि मग मुंबईला शस्त्रक्रिया करून ती बांधून टाकली. वसंत त्याचं नाव. बंडूची हजेरी गेली ती गेलीच. त्यानं पुन्हा नाचणीच्या उतारावर कुदळ धरली आणि त्याबद्दल तो सरूबाईला कधी बरं-वाईट बोलला नाही. सरूबाईला सहा महिने घरी बसवलं, नळी यादीत नाही म्हणून जप्त झाली, आणि कामावर परत घेतलं तेव्हा वेल्ह्याकडच्या पार टोकाला टाकलं. तिथं ती बाळांच्या छातीला नुसता कान लावून ऐकायची. धोंडाबाई मात्र सुनेच्या पोटाचं नाव काढायची ती काढतच राहिली. सगळंच कुठं सुधारतं?

पण त्या बुधवारची परतीची वाट सांगायची राहिली.

दोघी मायलेकी उतरत्या उन्हात उपकेंद्राकडं चालल्या होत्या. सरूबाई आईच्या चालीनं सावकाश चालत होती. मग सरूबाईनं विचारलं, "आये, तुला कवा कळलं?"

"हितं आलो त्याच सालात. तू एका लेकुरवाळीला सांगत व्हतीस, व्हट बघा, खाली बसतंय का बघा. ताटीच्या अल्याड म्या भाकरी थापत व्हते."

"तेरा वर्सं झाली."

"व्हय."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तू सांगशील म्हनून वाट बघत व्हते. तू न्हाई सांगितलंस. म्हनलं, लेकीला वाटत आसंल आईला झेपायचं न्हाई. ऱ्हाऊ दे तिच्या मनासारखं."

रस्त्याच्या वळणावर म्हातारीला धाप लागली. काठी बाजूला ठेवून ती कडेला बसली, गुडघे पोटाशी घेऊन, उकिडवी. सरूबाई उभीच राहिली. बनाबाईनं खाली मातीकडं बघत विचारलं, "एक सांग. त्यो वाचला आसता का?"

सरूबाई आदल्याच दिवशी एक खोटं बोलली होती. आता तिच्यानं दुसरं बोलवेना. "न्हाई, आये. तवा त्याच्यावर इलाजच नव्हता. तू काय बी केलं आसतंस तरी त्यो ऱ्हायला नसता."

बनाबाईनं मान हलवली. बराच वेळ ती हलवत राहिली.

"मंग मारला नसता तरी चाललं आसतं," ती म्हणाली.

सरूबाई तिच्या शेजारी मातीत बसली. पन्नास पावलांवर उपकेंद्राचं छप्पर दिसत होतं, पण दोघींपैकी कुणालाही उठायची घाई नव्हती.